पणजोबा ‘येरवड्याच्या शाळेत’ होते म्हणजे नेमके कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं की पणजोबा लहानपणी कसल्याशा किरकोळ चोरीत सापडले, ‘येरवड्याच्या शाळेत’ पाच वर्षं राहिले, तिथे सुतारकाम शिकले आणि पुढे जन्मभर तेच केलं. काळ साधारण १९०५ ते १९१५. तुम्ही विचारता : ती शाळा होती की तुरुंग? एवढ्याशा चोरीला पाच वर्षं कशी काय? आजचं रिमांड होम म्हणजे तेच का? आणि तिथे जुने कागद मिळतील का?

यातली खरी अडचण नावांची आहे. आपण बोलताना सगळ्यालाच सुधारगृह म्हणतो, नाहीतर रिमांड होम. पण रिफॉर्मेटरी (म्हणजे सुधारशाळा), इंडस्ट्रियल स्कूल, बोर्स्टल, सर्टिफाइड स्कूल, रिमांड होम, निरीक्षणगृह या वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कायद्यांनी आणि वेगवेगळ्या वयाच्या मुलांसाठी निघालेल्या संस्था आहेत. त्यामुळे घरातली अशी आठवण तपासताना मी आधी चार गोष्टी विचारतो : साल कोणतं, मुलाचं वय किती, पकडलं कशासाठी, आणि गाव तेव्हा कोणाच्या राज्यात होतं. ही चार उत्तरं असली की संस्था बहुतेक वेळा ओळखता येते. एकही नसेल तर नुसत्या नावावरून काहीच ठरत नाही.

तुमच्याकडे साल आहे, कारण आहे आणि मुदतही आहे. त्यातली मुदत सगळ्यात मोलाची. ‘किरकोळ चोरी आणि पाच वर्षं’ हे तुम्हाला विसंगत वाटतंय, पण त्यामुळेच ही आठवण खरी असण्याचा संभव वाढतो. कोणी गोष्ट रचली असती तर चोरीला शोभेल अशी दोन-चार महिन्यांची कैद सांगितली असती.

त्या काळी लागू असलेला कायदा म्हणजे १८९७ चा रिफॉर्मेटरी स्कूल्स अ‍ॅक्ट, त्या वर्षीचा आठवा कायदा. त्याआधी १८७६ चा होता, तो रद्द करून हा आणला. कैदेस पात्र गुन्ह्यात दोषी ठरलेला आणि दोषी ठरताना १५ वर्षांखालचा मुलगा म्हणजे ‘यूथफुल ऑफेंडर’, अशी त्याची व्याख्या होती. न्यायाधीशाने आधी नेहमीसारखी कैदेची शिक्षा सुनवायची आणि मग ती भोगण्याऐवजी मुलाला सुधारशाळेत पाठवण्याचा हुकूम करायचा. ही मुदत कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ७ वर्षं. वय १८ झालं की मात्र ठेवता येत नसे.

आता हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहा. पंधरा पुरी व्हायला आलेला मुलगा तीन वर्षं राहिला की अठराचा होतो. अकरा वर्षांचा मुलगा सात वर्षं राहिला की तोही अठराचा होतो. म्हणजे मुदतीची मापं वयावरून बेतलेली होती. कोणत्या वयाला किती वर्षं, याचे नियम करण्याचा अधिकार कायद्याने प्रांतिक सरकारांना दिलाच होता. मोठ्या माणसाला ज्या चोरीसाठी तीन महिने झाले असते, तिच्यासाठी बारा-तेरा वर्षांच्या मुलाची पाच वर्षं जात. आणि मूल जितकं लहान तितकी मुदत लांब होण्याकडे कल. या सगळ्या इतिहासाचं मर्म मला इथेच दिसतं. मुलांना तुरुंगापासून वाचवायचं म्हणून ही व्यवस्था उभी राहिली, आणि वाचवण्याच्या नावाखालीच त्यांना मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त काळ डांबून ठेवलं गेलं.

त्या लोकांच्या मनात दुष्टावा नव्हता. त्यांचा हिशेब सरळ होता : दोन महिन्यांच्या कैदेत मुलगा अट्टल चोरांच्या संगतीत फक्त बिघडतो, आणि एखादा धंदा हाताशी यायला वर्षं लागतात. मुदत आखूड असेल तर कसब शिकवता येत नाही, म्हणून मुदत लांब हवी. हा विचार युरोपातून आला. १८३३ मध्ये हॅम्बुर्गजवळ योहान विखर्न यांनी ‘राउहेस हाउस’ काढलं. तिथे मुलांना मोठ्या बराकीत न कोंबता छोट्या घरांत, कुटुंबासारखं ठेवत. १८४० मध्ये फ्रान्समध्ये तूर शहराजवळ मेत्रे इथे न्यायाधीश देमेत्स यांनी तीच कल्पना मोठ्या प्रमाणावर राबवली. एका घरात चाळीसेक मुलं, त्यांच्यावर एक प्रमुख आणि दिवसभर शेती. अमेरिकेत न्यूयॉर्कचं ‘हाउस ऑफ रेफ्यूज’ याच्याही आधी, १८२५ मध्ये सुरू झालं होतं.

इंग्लंडने १८५४ मध्ये कायदा करून १६ वर्षांखालच्या मुलांना सुधारशाळेत पाठवायची सोय केली. मुदत २ ते ५ वर्षं. पण त्यात एक अट होती : सुधारशाळेत जाण्याआधी किमान १४ दिवस तुरुंगात काढायचेच. गुन्ह्याची सजा वेगळी आणि सुधारणा वेगळी, दोन्ही झाल्या पाहिजेत, असा त्यामागचा विचार. ब्रिस्टलच्या मेरी कार्पेंटर यांनी ही अट जावी म्हणून मोहीम चालवली, तरी ती पूर्ण जायला १८९९ उजाडलं. याच कार्पेंटरबाई १८६६ ते १८७६ या दहा वर्षांत चार वेळा भारतात आल्या, इथले तुरुंग पाहिले आणि मुलांसाठी वेगळ्या शाळा काढा असा आग्रह सरकारकडे धरला. १८७६ चा कायदा त्याच वातावरणात झाला.

एक दुरुस्ती इथेच करून टाकतो, कारण शोध घेताना ती तुम्हाला हमखास आडवी येईल. ‘लॉर्ड कॉर्नवॉलिसने १८४३ मध्ये भारतातली पहिली रॅगेड स्कूल (गरीब, भटक्या मुलांची मोफत शाळा) काढली’ हे वाक्य पाठ्यपुस्तकांत, प्रबंधांत, अगदी वकिलांच्या टिपणांतही आढळतं. भारतात गव्हर्नर-जनरल असलेले कॉर्नवॉलिस १८०५ मध्येच गाझीपूरला वारले, कबर तिथेच आहे. मुंबईत प्रत्यक्षात घडलं ते असं : ‘बॉम्बे टाइम्स’चे संपादक डॉ. जॉर्ज ब्युइस्ट यांनी अनाथ आणि भटक्या मुलांसाठी उद्योगशाळा चालवली. १८५० च्या दशकात डेव्हिड ससून यांच्या देणगीने तिचं रूपांतर ससून रिफॉर्मेटरीत झालं. माहीमचं डेव्हिड ससून इंडस्ट्रियल स्कूल म्हणजे तीच परंपरा. १८५० चा अ‍ॅप्रेंटिस कायदाही याच सुमाराचा. १० ते १८ वयाच्या मुलाला, विशेषतः अनाथ-गरीब मुलाला, कारागिराकडे सात वर्षांपर्यंत बांधून देता येत असे आणि किरकोळ गुन्ह्यातल्या मुलाच्या बाबतीत मॅजिस्ट्रेट पालकाच्या जागी उभा राहून तसा करार करू शकत असे. ‘मुलाला धंदा शिकवला की तो सुधारतो’ ही कल्पना आपल्या कायद्यात प्रथम आली ती इथे.

आता, शाळा की तुरुंग? कायदा वाचला तर दोन्हीचे अवयव दिसतात. सरकारने सुधारशाळा काढायची तर तिथे काय काय हवं ते लिहून ठेवलं होतं : मुलांना रात्री वेगवेगळं झोपवण्याची सोय, स्वच्छता, पाणी, अन्न, कपडे, अंथरूण-पांघरूण, उद्योगशिक्षणाची साधनं आणि आजारी मुलांसाठी दवाखान्याची खोली. रात्रीच्या झोपण्याची अट यादीत पहिली येते. तीस-चाळीस मुलं रात्री एका दालनात कुलूपबंद ठेवली की थोरली मुलं धाकट्यांचं काय करतात, हे तुरुंग चालवणाऱ्यांना पुरतं माहीत होतं. ही अट कागदावर सगळ्यात आधी आली. जागा आणि पैसा कमी पडला की सगळ्यात आधी तीच मोडली जाते, हे मात्र आजही खरं आहे.

शिवाय प्रत्येक शाळेला भेट देणारी समिती असे. तिच्यातल्या निदान एकाने दर महिन्याला जाऊन मुलांच्या तक्रारी ऐकायच्या, शिक्षांची वही तपासायची आणि कोणी बेकायदा अडकून तर पडलेलं नाही ना हे बघायचं, असं कायद्यातच होतं. ही शिक्षांची वही तुमच्यासारख्या शोध घेणाऱ्याला फार उपयोगाची, कारण मुलाचं नाव दाखल्याच्या दिवसानंतर पुन्हा कुठे उमटत असेल तर बहुधा तिथेच.

तुरुंगाचे अवयव म्हणजे : पळून गेलेल्या मुलाला पोलीस वॉरंटशिवाय पकडून परत आणू शकत, आणि त्याला पळायला मदत करणं हा गुन्हा होता. देखरेखही सुरुवातीला तुरुंग खात्याकडे होती, ती नंतर शिक्षण खात्याकडे गेली. म्हणून माझं उत्तर असं : कायद्याने शाळा, पण दार बाहेरून बंद. येरवड्याच्या बाबतीत गोंधळ आणखी वाढतो, कारण मोठा मध्यवर्ती तुरुंगही तिथलाच, १८७१ पासूनचा. ‘येरवड्याला होता’ म्हटलं की ऐकणारा तुरुंगच धरतो. तुमच्या घरात ‘शाळा’ हा शब्द टिकला आहे, तो हलका समजू नका.

सुतारकामाचा धागाही जुळतो. सुतारकाम, लोहारकाम, शिवणकाम, विणकाम, वेतकाम, बागकाम हे तिथले नेहमीचे उद्योग. आणि मुलगा १४ वर्षांचा झाला की समितीच्या संमतीने अधीक्षक त्याला एखाद्या भरवशाच्या माणसाकडे किंवा मालकाकडे ‘लायसन्स’वर, म्हणजे परवान्यावर, राहायला पाठवू शकत असे. परवाना तीन महिन्यांचा, मग पुन्हा पुन्हा वाढवता येणारा. मालकाने छळ केला किंवा अटी मोडल्या तर रद्द. म्हणजे पणजोबांच्या पाच वर्षांतली शेवटची एक-दोन एखाद्या सुताराच्या दुकानात गेली असण्याची शक्यता आहे. घरी कोणाला एखाद्या मिस्त्रीचं, पेठेचं किंवा कारखान्याचं नाव आठवत असेल तर ते टिपून ठेवा.

या शाळा कुठे फसल्या तेही सांगायला हवं, कारण पुढचे सगळे बदल त्यातून निघाले. पहिली फसगत धंद्याची. वर्कशॉपमध्ये शिकवत ते तिथली हत्यारं आणि शिकवणारा मिस्त्री बघून. गावात परत गेल्यावर ते काम मिळेल का, आणि त्या जातीच्या पोराला गावचे सुतार-लोहार ते करू देतील का, हा विचार मागे पडे. शेतमजुराचा मुलगा पाच वर्षं खुर्च्यांना वेत विणायला शिकला तर गावात विणण्यासाठी खुर्च्याच नसत. दुसरी फसगत घराची. सात वर्षांत आईबाप मरत, स्थलांतर करत, भावांच्या वाटण्या होऊन जात. अठराव्या वर्षी दार उघडलं की मुलगा बाहेर, आणि त्यानंतर त्याच्याकडे बघण्याची जबाबदारी कोणाचीच नाही. सुटकेनंतरची सोय, ज्याला आज आपण अनुरक्षण म्हणतो, ती कायद्यात नव्हतीच म्हणायला हरकत नाही. तिसरी फसगत वयाची. गावोगाव जन्मनोंद धड नव्हती. न्यायालयाने पुरावा घेऊन वय ठरवायचं आणि नोंदवायचं असं कायदा सांगे, पण पुरावा म्हणजे बहुधा बापाचं म्हणणं आणि डॉक्टरने दात, उंची, मिसरूड बघून बांधलेला अंदाज. एका वर्षाच्या अंदाजावर एक पोरगा सुधारशाळेत जाई आणि दुसरा मोठ्यांच्या तुरुंगात. म्हणून जुन्या कागदावर ‘वय १२’ दिसलं तर त्यावरून जन्मसाल काढून वंशावळीत लिहू नका. दोन वर्षं अलीकडे-पलीकडे धरा.

आणि पकडलेली सगळी मुलं सुधारशाळेत जात नसत, हेही लक्षात घ्या. बरीचशी जातच नसत. १६ वर्षांखालच्या मुलाला कैदेऐवजी वेताचे फटके देता येत, कमाल मर्यादा १५. फटके मारले की मुलगा त्याच दिवशी घरी, सरकारचा खर्च शून्य. मॅजिस्ट्रेटला हे फार सोयीचं वाटे. फटक्यांची शिक्षा रद्द व्हायला १९५५ साल उजाडलं. १८९७ च्या कायद्यात आणखी एक चांगली वाट होती : समज देऊन सोडणं, किंवा बाप, पालक, जवळचा नातेवाईक यांच्याकडून बारा महिन्यांपर्यंतच्या चांगल्या वर्तणुकीचा मुचलका घेऊन मुलाला त्यांच्या हवाली करणं. ही वाट मुलींनाही खुली होती. सुधारशाळा मात्र मुलांसाठीच, मुलींसाठी त्या कायद्यात शाळा नव्हती. तेव्हा ‘आमची आजी रिफॉर्मेटरीत होती’ असं कोणी १९१० च्या आसपासचं सांगितलं, तर ती जागा मिशनचा आश्रम किंवा अनाथगृह असण्याचा संभव अधिक.

एक वेगळी शक्यता तुम्ही तुमच्या मनाशी तपासायला हवी, आणि ती विचारताना मला अवघड वाटतं. कुटुंब तेव्हाच्या ‘गुन्हेगार जमाती’ कायद्याखाली नोंदलेल्या समाजातलं होतं का? त्या कायद्याने गुन्हा न केलेल्या मुलांनाही आईबापांपासून तोडून उद्योगशाळेत किंवा सुधारशाळेत ठेवता येत असे. १९११ च्या कायद्यात ६ वर्षांवरच्या आणि १८ खालच्या मुलांसाठी तशी तरतूद होती. सोलापूर, हुबळी अशा ठिकाणी काटेरी कुंपणातल्या वसाहती होत्या. हा कायदा १९५२ मध्ये गेला आणि ते समाज विमुक्त झाले. तसं असेल तर ‘चोरीत सापडले’ हे घरात मागाहून जोडलेलं कारणही असू शकतं, आणि त्या मुलाने काहीच केलेलं नसेल. मग शोधायची कागदपत्रंही वेगळी. वसाहतींच्या दप्तरात बघावं लागेल.

गाव कुठल्या राज्यात, हे मी सुरुवातीला म्हटलं ते याचसाठी. पुणे, सातारा, नाशिक, खानदेश, कोकण म्हणजे मुंबई इलाखा, तर येरवडा जुळतं. मुंबई शहरातला मुलगा असेल तर आधी ससून बघा. वऱ्हाड-नागपूर म्हणजे मध्य प्रांत, तिथली सुधारशाळा जबलपूरला. मराठवाडा निजामाच्या राज्यात, कोल्हापूर-सांगली संस्थानी, तिथे हे कायदे आपोआप लागू नव्हते. मराठवाड्यातल्या घराण्याने येरवड्याची आठवण सांगितली तर मी आधी विचारेन, मुलगा पकडला गेला तेव्हा कामधंद्यासाठी पुण्या-मुंबईला आला होता का?

रिमांड होमचं काय? ते पणजोबांच्या वेळी नव्हतं. १९१९-२० च्या तुरुंग समितीने, जिचे अध्यक्ष सर अलेक्झांडर कार्ड्यू होते, मुलांसाठी वेगळी न्यायालयं हवीत आणि त्यांना तुरुंगात ठेवू नये असं सांगितलं. त्यानंतर मद्रासने १९२०, बंगालने १९२२ आणि मुंबईने १९२४ मध्ये आपापला चिल्ड्रन अ‍ॅक्ट केला. मुंबईत त्याची खरी अंमलबजावणी १९२७ मध्ये सुरू झाली, चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली तेव्हा. डोंगरी-उमरखाडीच्या जुन्या तुरुंगाच्या जागेत मुलांचं रिमांड होम आलं. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांनी १०१ दिवस काढले तो हाच डोंगरीचा तुरुंग. मुलांना तुरुंगातून बाहेर काढण्यासाठी झालेल्या कायद्याचं घर एका जुन्या तुरुंगातच थाटलं गेलं. भिंती, दरवाजे, अंगण आणि पहाऱ्याची सवय आयती मिळाली, तीही सोबत आली.

रिमांड या शब्दाचा अर्थ चौकशी चालू असेपर्यंत ताबा. रिमांड होममधल्या मुलाला शिक्षा झालेली नसते. चौकशी संपली की तो घरी जातो, कोणाच्या देखरेखीखाली राहतो किंवा ‘सर्टिफाइड स्कूल’मध्ये, म्हणजे अशा मुलांना ठेवण्यासाठी सरकारने मान्य केलेल्या शाळेत, पाठवला जातो. १९२४ च्या कायद्याने आणखी एक मोठा बदल केला, आणि त्याचे परिणाम आजवर पुरले आहेत : गुन्हा केलेली मुलं आणि भीक मागणारी, बेवारस, वाईट संगतीत सापडलेली मुलं एकाच कायद्याखाली, पुष्कळदा एकाच आवारात आली. हेतू असा की कोणालाही गुन्हेगार म्हणून वेगळं काढायचं नाही. घडलं उलटं. हरवलेला पोरगाही ‘रिमांड होमचा’ झाला.

१६ ते २१ वयाच्या तरुणांसाठी १९२९ मध्ये मुंबई इलाख्याने बोर्स्टल स्कूल्स अ‍ॅक्ट केला. बोर्स्टल हे इंग्लंडमधल्या केंट परगण्यातलं खेडं. तिथे विसाव्या शतकाच्या आरंभी हा प्रयोग झाला म्हणून सगळ्यांना तेच नाव पडलं. आपल्याकडचं बोर्स्टल धारवाडला होतं. राज्यपुनर्रचनेत धारवाड म्हैसूर राज्यात गेलं आणि महाराष्ट्रात नाशिकचं किशोर सुधारालय पुढे आलं. तेव्हा कोणी आजोबा ‘धारवाडला होते’ असं म्हटलं, तर पकडताना वय सोळाच्या वर होतं असं धरून चालावं.

स्वातंत्र्यानंतरचं पटकन सांगतो. १९४८ चा मुंबईचा नवा चिल्ड्रन अ‍ॅक्ट आला, जिल्ह्याजिल्ह्यांत रिमांड होम्स निघाली आणि ती बहुतेक ठिकाणी डिस्ट्रिक्ट प्रोबेशन अँड आफ्टर केअर असोसिएशन चालवू लागली. १९८६ मध्ये देशभरासाठी एकच जुवेनाइल जस्टिस अ‍ॅक्ट झाला, त्यात मुलगे १६ पर्यंत आणि मुली १८ पर्यंत. २००० च्या कायद्याने दोघांनाही १८ केलं. आता २०१५ चा कायदा आहे. निरीक्षणगृह चौकशीच्या काळासाठी, विशेष गृह दोषी आढळलेल्यांसाठी, बालगृह काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्यांसाठी. बोर्डावरचे शब्द बदलले, लोकांच्या तोंडी रिमांड होमच राहिलं.

१८९७ च्या कायद्यात कमीत कमी मुदत ३ वर्षं होती. २०१५ च्या कायद्यात विशेष गृहात पाठवण्याची जास्तीत जास्त मुदत ३ वर्षं आहे. (१६ ते १८ वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केल्याचा आरोप असेल तर प्रौढ म्हणून खटला चालू शकतो, तो भाग वेगळा.) पूर्वी जिथून सुरुवात होत असे तिथे आता शेवट होतो. तुमच्या पणजोबांची पाच वर्षं आजच्या मापात बसतच नाहीत. तेव्हा मात्र ती मधलीच, सर्वसाधारण मुदत होती.

आता कागद. आजच्या निरीक्षणगृहात जाऊन १९१० चं रजिस्टर मागू नका. येरवड्याचं निरीक्षणगृह ‘उद्योग केंद्र’ असं नाव लावतं म्हणून ते जुन्या शाळेचं दप्तर सांभाळत असेल असं नाही. शिवाय आजच्या कायद्याचा भर नोंदी नष्ट करण्यावर आहे. मुलाला जन्मभर डाग लागू नये म्हणून अपिलाची मुदत संपल्यावर आणि सात वर्षांपलीकडे त्या ठेवायच्या नसतात. तिथले लोक नकार देतील तो या कारणाने, आडमुठेपणाने नव्हे.

मी ज्या क्रमाने शोधतो तो असा. सुरुवात गावापासून. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ ची, म्हणजे जन्म-मृत्यूची, नोंदवही असते. विदर्भात कोतवाल बुक. त्यातून पणजोबांचं आणि त्यांच्या बापाचं नाव पक्कं करा. बऱ्याच नोंदी मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणारा माणूस आधी गाठा. नावाबाबत सावध राहा. त्या काळच्या सरकारी कागदात आडनाव पुष्कळदा नसतंच. ‘धोंडू बिन राघू’ किंवा ‘धोंडू वलद राघू’, म्हणजे राघूचा मुलगा धोंडू, अशी नोंद असते, पुढे जात आणि गाव. आडनावाने शोधणारे इथेच थकतात. आणि इंग्रजी कागदात तेच नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडेल, येरवड्याचंही ‘येरोडा’, ‘येरौडा’ होतं.

त्यानंतर पुराभिलेख. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे, शाखा पुण्यात आणि इतरत्र आहेत. तिथे मुंबई सरकारच्या न्याय खात्याचे आणि शिक्षण खात्याचे वार्षिक खंड मागवा. दोन्ही मागवा, कारण सुधारशाळा एका खात्यातून दुसऱ्यात गेल्या आणि एकच बघितलं तर मधली वर्षं हातून सुटतात. तुरुंग खात्याचे आणि शिक्षण संचालकांचे वार्षिक अहवालही बघा. त्यात एकेका मुलाचं नाव सहसा नसतं, पण त्या वर्षी शाळेत किती मुलं होती, कोणते उद्योग चालत, किती परवान्यावर गेली, किती आजारी पडली हे कळतं. नाव सापडलं नाही तरी पणजोबांची ती वर्षं कशी गेली असतील याचं चित्र त्यातून उभं राहतं.

खटल्याचे कागद मिळण्याची आशा कमी ठेवा. किरकोळ फौजदारी खटल्यांची दप्तरं ठरावीक वर्षांनी नष्ट करत. त्यातूनही निकाल हाती लागला आणि त्यावर ‘तीन महिने सक्तमजुरी’ एवढंच दिसलं तर ‘म्हणजे पाच वर्षं खोटं’ असं ठरवू नका. वर सांगितलं तसं, आधी कैद सुनावली जाई आणि सुधारशाळेचा हुकूम तिच्या जागी येई. तुरुंगात आधीच पोहोचलेल्या पंधरा वर्षांखालच्या मुलाला तुरुंगाधिकारी जिल्हा मॅजिस्ट्रेटपुढे उभा करू शकत असे आणि तो हुकूम मग मॅजिस्ट्रेटच्या फायलीत जाई. दोन कागद, दोन कचेऱ्या.

पुराभिलेखाला अर्ज करताना ‘माझ्या पणजोबांची माहिती द्या’ असं लिहू नका, तसं कोणालाच शोधता येत नाही. खातं, साल आणि विषय लिहा : ‘शिक्षण खाते, सन १९०५ ते १९१५, विषय रिफॉर्मेटरी स्कूल, येरवडा’. सोबत नाव ‘अमुक बिन तमुक’, गाव, तालुका आणि अंदाजे वय. सूचिपत्रं आधी स्वतः चाळा. रिफॉर्मेटरीखाली काही नसेल तर ‘ज्युवेनाइल’, ‘यूथफुल ऑफेंडर’ आणि ‘इंडस्ट्रियल’ हे तीन शब्द बघा. एका भेटीत होणार नाही. तीन-चार दिवस हातात ठेवून जा, आणि पहिल्या दिवशी फक्त सूचिपत्रं वाचा.